मित्राच्या तोंडी माझा आवाज

माझ्या मित्राला वीसेक वर्षांत पडद्यावर एकच मोठा सीन मिळाला. त्या सीनमध्ये मी माझा आवाज घातला आणि त्याला सांगितलं, की तुझाच आवाज ठेवलाय.

हे लिहून मी उठलो, पाणी प्यालो आणि परत येऊन वाचलं. वाक्य तसंच होतं. आजवर मी माझे मूर्खपणाचे किस्से चारचौघांत रंगवून सांगत आलो, लोक हसतात आणि मी सुटतो. हा मात्र कधी सांगितला नाही, कारण यात मी मूर्ख कमी आणि लबाड जास्त आहे.

आधी मित्राबद्दल. तो रायपूरजवळ सिलतऱ्याच्या एका कारखान्यात धरमकाट्यावर आहे. दिवसभर ट्रक येतात, वजनाच्या काट्यावर चढतात, हा खिडकीतून ड्रायव्हरांशी हुज्जत घालतो, ट्रक उतरतात. सुटीच्या दिवशी तो छत्तीसगढी सिनेमात काम करतो. काम म्हणजे कसं? नायिकेच्या लग्नात अक्षता टाकणारा मामा तो. सातबारा दाखवायला नाही म्हणणारा पटवारी तो. तार आणून देणारा पोस्टमन तो, आणि तार आता बंद झाली हे दिग्दर्शकाला सांगणाराही तोच. रायपुरात रस्त्यावर लोक त्याला थांबवतात आणि विचारतात, "भैया, आपको कहीं देखा है. बिजली ऑफिस में?"

त्याचा एक गुरू होता. वेल्स नावाच्या चिमुकल्या देशातला म्हातारा नट, इंग्रजी सिनेमांत अशीच कामं करणारा. पाद्री, हवालदार, खाणावळीचा मालक, नायकाचा काका. मित्रानं मोबाईलवर त्याचे मिळतील तितके सीन जमा केले होते. "पाह्य," तो मला धरमकाट्याच्या खिडकीत उभं करून दाखवायचा, "चाळीस सेकंदाचा सीन आहे. नाव कोनाले माहीत नाही. पन आवाज आयक. कोळशाच्या खानीतून आल्यावानी आहे. थ्या आवाजासाठी बोलवत होते त्याले." मला इंग्रजी आवाजातलं काही कळत नव्हतं. मी मान हलवायचो.

एकदा त्याला ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर येणाऱ्या डॉक्टरचं काम मिळालं. बाहेर यायचं आणि मान हलवायची, संवाद नाही. तीन दिवस त्यानं आरशासमोर सराव केला. आधी चष्मा काढायचा, मग मान हलवायची, ही त्याची स्वतःची कल्पना. सिनेमा पाहून घरी आल्यावर त्याच्या आईनं विचारलं, "तू काय केलं रे याच्यात?"

"मान हलवली."

"मंग मले काय आयकू येईन?"

काकूंचा प्रश्न अगदी रास्त होता. त्यांच्या दोन्ही डोळ्यांना नजरेच्या मधोमध काळा डाग धरलाय. कडेकडेचं दिसतं, समोरचं माणूस दिसत नाही. वर्धेकडून लग्न होऊन रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आल्या, पन्नास वर्षं रायपुरात काढली, आता बीरगांवात मुलाजवळ असतात. घरात दोघंच. टीव्हीवरच्या मालिका त्या कानानं पाहतात आणि कोण खोटं रडतंय ते बरोबर सांगतात. मुलाचा प्रत्येक सिनेमा त्यांनी टॉकीजमध्ये जाऊन ऐकला होता. दरवेळी येताना म्हणायच्या, "दोन शब्दांसाठी मले एवढ्या दूर आनलं."

आता माझ्याबद्दल. मी नव्या रायपूरच्या एका सरकारी कार्यालयात फायली पुढे सरकवतो, पण गावाला मी आवाजामुळे माहीत आहे. गणपतीच्या मांडवात माईक माझ्या हाती असतो. एका साड्यांच्या दुकानासाठी मी कधीतरी एक जाहिरात बोललो होतो. भोंगा लावलेला ऑटो अजूनही ती वाजवत गल्लोगल्ली फिरतो: "आइए, बहनजी, आइए! आखरी तीन दिन!" हे शेवटचे तीन दिवस काही वर्षांपासून चालू आहेत. आपला आवाज घरासमोरून जाताना ऐकला, की मी खिडकीत जाऊन उभा राहायचो. बायको म्हणायची, "आत या, ऑटोवाला ओळखत नाही तुम्हाला."

तर मित्राला एका सिनेमात नायिकेच्या बापाचं काम मिळालं. शाळेत घंटा वाजवणारा गरीब शिपाई. गावचा मालक त्याच्या मुलीला आपल्या बिघडलेल्या पोरासाठी मागतो, वर शेत द्यायला तयार होतो. बाप हात जोडून मालकाच्या ओसरीवर जातो आणि नाही म्हणतो. अडीच मिनिटं तो एकटा बोलतो. मित्र मला फोनवर म्हणाला, "अडीच मिनिटं, बे! मध्ये कोनी बोलतच नाही!" त्या आठवड्यात धरमकाट्यावर आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला त्यानं हा संवाद ऐकवला असणार. त्याची छत्तीसगढी त्या ड्रायव्हरांकडूनच आलेली होती, धूळ बसलेली आणि खरी. माझी छत्तीसगढी बातम्या वाचल्यासारखी आहे. हे मला तेव्हाही माहीत होतं.

आमच्याकडे शूटिंगच्या वेळी आवाज घेतात तो फक्त खुणेपुरता. जनरेटर चालू असतो, कोंबड्या ओरडतात. मग नट एक दिवस स्टुडिओत येऊन, पडद्यावर स्वतःचे ओठ बघत पुन्हा बोलतात. हा स्टुडिओ समता कॉलनीत एका दातांच्या दवाखान्याच्या खाली आहे. वर दाढ कोरायला लागले, की खाली रेकॉर्डिंग थांबवतात. तो एक मुलगी चालवते. मी तिच्या बापाच्या वयाचा, तरी सगळे म्हणतात म्हणून मीही तिला दीदी म्हणतो.

त्या दिवशी मला गर्दीतल्या आवाजांसाठी बोलावलं होतं. "पकडो, पकडो" आणि "अरे, ये तो मर गया" एवढंच. काम संपलं. दिग्दर्शक, तिशीतला उत्साही माणूस, कपाळाला हात लावून बसला होता. मित्राच्या कारखान्यात तपासणी चालू होती, त्याला रविवारशिवाय सुटी नव्हती, आणि याला त्या संध्याकाळीच सिनेमा जोडून कोणाला तरी दाखवायचा होता. तो म्हणाला, "भैया, बापवाला सीन कच्चा-कच्चा आप बोल दो. संडे को वो आके पक्का कर देंगे."

मी कानाला हेडफोन लावला. त्यात शूटिंगचा आवाज होता. जनरेटरची घरघर, कोंबडी, आणि त्या सगळ्यातून मित्र. "मैं अपन बेटी ला बेचे बर नइ आय हंव, मालिक." मी मुलगी विकायला आलो नाही. एवढं बोलून तो थांबला होता, आणि त्या थांबण्यात काहीच नव्हतं. उसासा नाही, आवंढा नाही. कोंबडीसुद्धा गप्प. दीदीनं काचेपलीकडून माझ्याकडे पाहिलं. मीही तिच्याकडे पाहिलं. दोघांनाही कळलं होतं, की असं पुन्हा कोणाला जमणार नाही.

मग मी बोललो. छान बोललो, म्हणजे मला छान वाटेल असं बोललो. आणि ते जे रिकामं थांबणं होतं ना, तिथं मी एक हुंदका घातला. मांडवात आरतीनंतर "मंडळ आपलं आभारी आहे" म्हणताना मी जो कंप आणतो, तोच.

दिग्दर्शक उभा राहिला. "भैया! क्या आवाज है! यही रख लें क्या?"

इथं 'नाही' म्हणायचं होतं. दोन अक्षरी शब्द आहे. ऑफिसात मी तो दिवसभर म्हणतो. मी म्हणालो, "जैसा आपको ठीक लगे." आणि वर स्वतःहून जोडलं, "उसको मैं बता दूंगा."

दीदीनं कानावरचे हेडफोन काढून ठेवले. वर दवाखान्यात कोणाची तरी दाढ कोरायला सुरुवात झाली.

संध्याकाळी मित्राचा फोन आला. "रविवारी किती वाजता येऊ बे डबिंगले?"

सांगायचं हे मी ठरवलंच होतं. तोंड उघडलं आणि निघालं ते असं: "यायची गरज नाही. तुह्या शूटिंगचा आवाजच ठेवून राहिले. इतका चांगला आला म्हणे, की डबिंगच नको."

मग तो एकदम हिंदीत म्हणाला, "सच?"

"सच."

"आईले सांगतो," तो म्हणाला, आणि फोन बंद न करताच ओरडला, "आई वो! माह्या खरा आवाज ठेवला!"

मी असं का बोललो? त्याला वाईट वाटू नये म्हणून, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्याला वाईट वाटलं असतं तर त्यानं दिग्दर्शकाला गाठलं असतं, आणि माझा हुंदका गेला असता. सिनेमा लागेपर्यंत मध्ये तीन आठवडे होते. रोज मी उद्या सांगणार होतो.

सिनेमा लागला त्या दिवशी बाराच्या खेळाला आम्ही तिघं गेलो. मी जायला नकोच होतं, पण मित्रानं माझं तिकीट आधीच काढलेलं. काकू मध्ये, तो डावीकडे, मी उजवीकडे. काकूंनी ठेवणीतलं पातळ नेसलं होतं, आणि कानात चांगलं ऐकू यावं म्हणून सकाळी तेल घातलं होतं, हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं. मध्यंतरापर्यंत त्या खूश होत्या. मित्राची आधीची दोन छोटी वाक्यं होती, तीही त्याच दिवशी मीच बोललेली, पण तिथं ढोल वाजत होता. वाचलो.

मध्यंतरानंतर ओसरी आली. मित्र हात जोडून उभा. काय दिसत होता! खांदे पडलेले, डोळे मालकाच्या पायांवर. सगळी टॉकीज शांत झाली. मित्र खुर्चीत पुढे सरकला आणि त्यानं आईचा हात धरला.

पडद्यावर त्याचे ओठ हलले, आणि टॉकीजभर माझा आवाज घुमला. "मालिक..."

दोन वाक्यं गेली असतील. हुंदका आला. आणि मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "आखरी तीन दिन!"

सगळी टॉकीज फुटली. शिट्ट्या, टाळ्या, कोणी म्हणालं, "साड़ी वाला भैया!" माझा मित्र पडद्यावर आपल्या मुलीसाठी हात जोडून उभा होता आणि लोक पोट धरून हसत होते. अडीच मिनिटं फार मोठी असतात. मी समोरच्या खुर्चीच्या पाठीवरचा एक सुटलेला धागा बघत बसलो.

काकू माझ्याकडे वळल्या. आवाजात कौतुक होतं. "तुह्य बी काम आहे का रे याच्यात? सांगतलं नाही तू."

"हो काकू," मी म्हणालो. "छोटंसं."

मग त्या दुसरीकडे वळल्या. "अन् तू कवा येतो रे?"

मित्र पडद्याकडेच बघत होता. "येऊन गेलो, आई."

बाहेर ऊन रणरणत होतं. काकू सावलीत उभ्या होत्या, आम्ही दोघं स्कूटरच्या रांगेपाशी. तो म्हणाला, "तू तं म्हनला होता, माह्याच ठेवला."

आताही खरं सांगायची संधी होती. मी म्हणालो, "मले तरी काय माहीत? डायरेक्टरनं ऐन वेळी केलं असंल काही."

त्यानं तिथंच फोन लावला, स्पीकरवर. दिग्दर्शक आनंदात होता, मागे फटाके वाजत होते. "अरे भैया, आपके दोस्त से पूछ के ही तो रखा! वो बोले थे, मैं बता दूंगा. बताया नहीं क्या?"

मित्रानं फोन खिशात ठेवला. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांचा त्याच्याकडे चांगला साठा आहे, ट्रकवाल्यांनी दिलेला. तो फक्त म्हणाला, "आम्ही ऑटोनं जातो." काकूंनी जाताना माझ्या दिशेनं हात हलवला, थोडा चुकीच्या बाजूला.

पुढचे दहा दिवस त्यानं फोन उचलला नाही. मी स्टुडिओत गेलो. म्हटलं, शूटिंगचा आवाज तरी मिळवावा, जनरेटरसकट, कोंबडीसकट, आणि काकूंना ऐकवावा. दीदीनं मला बसायला सांगितलं नाही. "डिलीट हो गया, अंकल. डिस्क में अब दूसरी पिक्चर है." त्या दिवसापर्यंत ती मला भैया म्हणायची.

म्हणजे तो आवाज आता कुठंच नव्हता. तो हेडफोन लावून नीट ऐकलेली माणसं जगात दोन, आणि त्यातला एक मी.

रविवारी दुपारी मी बीरगांवला गेलो. माफी मागायला जाताना मी अर्धा किलो पेढे घेतले होते, यावरून माझी अक्कल लक्षात यावी. दार उघडं होतं. मित्र बनियनवर बसून भाजी निवडत होता. त्यानं मान वर केली आणि परत मेथीत घातली.

"कोन?" काकूंनी विचारलं.

"मी आहे, काकू."

"ये ना, बस. हातात काय वाजून राहिलं?"

"पेढे."

"काहून? कोनाचं जमलं?"

मी मित्राकडे पाहिलं. तो मेथीलाच म्हणाला, "मी आईले काही सांगतलं नाही. मशीन बिघडली होती म्हनलं. आता तूच सांग."

मी सांगितलं. एरवी मला गोष्ट सांगायला आवडतं. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली न्यायचा, सगळं येतं. त्या दिवशी वाक्याला वाक्य लागेना. कच्चं बोललो ते सांगितलं, 'जैसा आपको ठीक लगे' सांगितलं, फोनवर खोटं बोललो ते सांगितलं. टॉकीजमध्ये माझं छोटंसं काम नव्हतं, ते त्यांच्या मुलाचं काम होतं, हेही सांगितलं. काकू डोकं जरा तिरपं करून ऐकत होत्या, कडेनं दिसतं म्हणून. शेवटी मी म्हणालो, "चुकलो, काकू."

"ते समजलं," त्या म्हणाल्या. मग मुलाकडे वळल्या. "अन् तू काय म्हनला होता थ्या सीनमंदी?"

"जाऊ दे ना, आई. झालं ते झालं."

"झालं कुठं? मले आयकूच नाही आलं. म्हन आता."

"भाजी निवडून राहिलो ना मी!"

"भाजी काही पळून नाही जात. म्हन."

तो उठला. मला वाटलं, आत निघून गेला. तो शर्ट घालून बाहेर आला, गळ्यापर्यंतच्या गुंड्या लावून, आणि आईसमोर उभा राहिला. हात जोडायला लागला, मग तिला दिसणार नाही हे आठवून सोडून दिले. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मालकाचं एक वाक्य आहे आधी, काहून आला म्हनून. 'काबर आय हस?' म्हन तू."

मी घसा साफ केला आणि मालक झालो. "काबर आय हस!" भांड्यांच्या फळीवर एक ताटली थरथरली.

"हळू बोल," काकू म्हणाल्या. "मी आंधळी हाय, भयरी नाही."

मी पुन्हा म्हणालो, हळू.

मग मित्र बोलला. पहिलं वाक्य घाईत गेलं. दुसऱ्याला खोकला आला. कारखान्यातली वीस वर्षांची धूळ आहे ती. त्यानं खोकून घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी तो बोलत गेला. आवाज उंच नव्हता. बाहेरून मालाचे ट्रक जात होते, त्यांच्या खालून तो बोलत होता, रोज खिडकीतून बोलतो तसा. काकूंचे ओठ हलत होते. तो जे बोलला ते त्या एक शब्द मागे राहून मनातल्या मनात म्हणत होत्या. शेवटी बाप म्हणतो, की मी गरीब आहे मालक, पण माझ्या घरात पोरीला विचारतात. ते म्हणून झाल्यावर तो उभाच राहिला. काकूंनी हात पुढे केला, चाचपडला, त्याचा शर्ट सापडला, आणि खालची गुंडी धरून त्या तशाच बसल्या.

खोलीत कोणी बोलत नव्हतं. आणि मला ते सहन होईना. इतक्या वर्षांची सवय. शांतता झाली की माईक माझ्याकडे आलाय असंच वाटतं. मी म्हणालो, "वा! काकू, खरं सांगू का, हे जर त्या दिवशी टॉकीजमध्ये..."

काकूंनी गुंडी न सोडता तोंड माझ्याकडे फिरवलं.

"तू चूप बस ना बाप्पा. बोलत नाही तवा किती भला मानूस वाटतो तू."